गाडी येईल तेव्हा येईल, आधी यादी दाखवा!

‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ ही घोषणा महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि तेव्हापासून हा महाराष्ट्र फाट्याफाट्यावर वाट पाहत उभा आहे. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, या घोषणेच्या दुसऱ्या बाजूला होते. प्रवासी वाट पाहायचे आणि आबा गाडी घेऊन यायचे. १९७७ ते २००९ अशी बत्तीस वर्षे त्यांनी धुळे आगारात चालक म्हणून नोकरी केली. धुळे-चाळीसगाव-कन्नड घाट-औरंगाबाद हा रस्ता त्यांना तळहातावरच्या रेषांसारखा पाठ आहे. बत्तीस वर्षे स्टिअरिंग हातात होते, पण त्यांतली एकही गाडी त्यांची नव्हती.

गेल्या वर्षी आबांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांकडे तपासणीला नेताना त्यांना एसटीची पायरी चढवेना. ज्या माणसाने हजारो लोकांना ‘चला, आत सरका’ म्हणत गाडीत घेतले, त्याला कंडक्टरने बगलेत हात घालून वर ओढले. आबा खिडकीबाहेर पाहत राहिले. त्या दिवशी घरी आल्यावर मी आणि पत्नीने हिशेब मांडला. मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढले, पगारातून किती हप्ता झेपेल ते पाहिले आणि जुलै २०२५ मध्ये एका छोट्या पेट्रोल गाडीची नोंदणी केली. अकरा हजार रुपये भरले, पावती घेतली. शोरूममधला तरुण विक्रेता म्हणाला, ‘सहा आठवडे, सर. फार तर सात.’

तेथून आमचे वाट पाहणे सुरू झाले. ही हकीकत घरगुती आहे, पण तिच्यात आपल्या चळवळीने विचार करावा असे काहीतरी आहे, म्हणूनच येथे लिहीत आहे.

मित्रहो, वाहनाची वाट पाहणे हा आपल्या इतिहासातला साधा विषय नाही. बाबासाहेबांनी ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या नावाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांतली पहिलीच आठवण स्टेशनवर वाट पाहण्याची आहे. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे, डोक्यावर टोप्या. वडिलांपर्यंत पत्राचा निरोप पोचला नव्हता, त्यामुळे न्यायला कोणीच आले नाही. मुले बसून राहिली. स्टेशन मास्तरने चौकशी केली, जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, मुलांकडे पैसे होते, तरी एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि तेही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार!

दुसरी आठवण १९२९ ची, आमच्या खानदेशातली. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते. मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य या नात्याने ते धुळ्याकडे चौकशीसाठी आले होते. परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला होता. वाडा जवळच होता, पायी जाता आले असते, तरी बाबासाहेबांना स्टेशनवर सुमारे तासभर थांबवले गेले. का थांबवले हे त्यांना नंतर कळले. एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. अखेर तोड निघाली ती अशी : टांगा मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. आपल्यातल्याच एका अननुभवी माणसाने लगाम धरला. नदीवरच्या मोरीवर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टरची पदवी होती, सरकारी काम होते, भाड्याचे पैसे होते. तरीही त्या तासाभराची किंमत त्यांनी हाडाने चुकवली.

या दोन्ही ठिकाणी पैसे तयार होते आणि वाहनही तयार होते. मग वाट कशाची पाहायची होती? तेथे क्रमांक नव्हता, यादी नव्हती, पावती नव्हती. होती ती फक्त समोरच्याची मर्जी! मर्जीची वाट आणि नंबराची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्जीची वाट माणसाला लाचार करते. नंबराची वाट त्याला नागरिक बनवते. एसटीच्या आरक्षणाच्या तक्त्यावर आसन क्रमांक बारा असेल, तर त्या आसनावर पाटील बसला काय आणि कांबळे बसला काय, कंडक्टरला तिकीट पाहावे लागते.

आता कोणी म्हणेल, स्वातंत्र्यानंतर सगळेच नंबराने मिळू लागले. तसेही झाले नाही. १९५१ च्या उद्योग कायद्याने कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे सरकारी परवान्याने ठरू लागले. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अ‍ॅम्बॅसिडर आणि मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. स्कूटरचा नंबर लागेपर्यंत नोंदणी करणाऱ्याच्या मुलाला मिसरूड फुटे. त्या काळातही एक यादी कागदावरची होती आणि दुसरी मर्जीची. सरकारी कोटा होता, ओळखीचा कोटा होता आणि ‘ऑन’चे पैसे देऊन दुसऱ्याच्या नंबरावर गाडी उचलण्याचा बाजारही होता. आमच्या आबांसारख्याने त्या यादीकडे पाहिलेही नाही. त्यांच्या पगारात तिचा विषयच नव्हता.

मग मारुती आली. १९८३ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. गाड्या थोड्या आणि मागणारे अफाट, म्हणून सोडत काढून क्रम लावावा लागला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या. १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरचा परवाना उठला आणि रांगा आखडत गेल्या. पुढे २००९ मध्ये नॅनोसाठी दोन लाखांवर नोंदण्या झाल्या आणि पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड संगणकीय सोडतीने करावी लागली. सोडतीची गंमत अशी की संगणकाला आडनाव वाचता येत असले, तरी त्याचा अर्थ लावता येत नाही. हवी असलेली वस्तू थोडी असेल, तर वाटपाच्या न्याय्य रीती दोनच : रांग किंवा सोडत. तिसरी रीत शिफारशीची. आणि ती कोणाच्या उपयोगाची असते, हे या वाचकाला सांगायला नको.

२०२१ मध्ये पुन्हा रांगा लागल्या. यावेळी अडचण एका बारीक चकतीची होती. इंजिनापासून एअरबॅगपर्यंत आजच्या गाडीतल्या कितीतरी गोष्टी सेमीकंडक्टर चिपवर चालतात. करोनाच्या काळात मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या कमी केल्या, चिप कारखान्यांनी आपला माल संगणक आणि मोबाइलकडे वळवला. त्यातच २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हिमवादळाने आणि जपानमध्ये आगीने चिपचे कारखाने बंद पडले. परिणाम असा की आपल्याकडे काही गाड्यांसाठी लोकांना वर्षभर आणि त्याहूनही जास्त थांबावे लागले. ही वाट सर्वांनाच होती. पण रांग लांबली की ती मोडणाऱ्याचा भावही वाढतो.

आता आमच्या गाडीकडे येऊ. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली आणि सगळे ग्राहक थबकले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला : छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर जाऊन एकूण १८ टक्के, लागू २२ सप्टेंबरपासून. हिशेब साधा आहे. करासह सहा लाखांची गाडी असेल, तर सुमारे एक्कावन्न हजार रुपये वाचतात. शिक्षकाच्या घरात ही रक्कम लहान नाही.

याच सुमारास शोरूममधून फोन आला. ‘सर, तुमची गाडी आली आहे. पण सध्या पितृपक्ष आहे, तुम्ही घेणार नसाल ना?’

मी म्हणालो, ‘आम्ही पितृपक्ष पाळत नाही.’

तो खूश झाला. ‘मग उद्याच या!’

मी म्हणालो, ‘नाही. बिल २२ तारखेनंतर करा.’

तो गोंधळला. ‘पितृपक्ष पाळत नाही, मग थांबता कशाला?’

‘कर कमी होतोय म्हणून,’ मी सांगितले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला श्राद्धपक्षाची भीती घालता येत नाही, पण त्याला हिशेब कळतो. कॅलेंडर दोघेही पाहतात. एक तिथी पाहतो, दुसरा बिल. ‘चालेल सर, गाडी तुमच्या नावाने राखून ठेवतो,’ असे त्याने तोंडी सांगितले आणि मी ते तोंडीच ऐकून घेतले. माझी चूक झाली ती येथे. ज्या माणसाने आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘लेखी द्या’ म्हणून सांगितले, त्याने स्वतः तोंडी शब्दावर विसंबावे!

२२ तारीख उजाडली, घटस्थापना झाली. मी फोन केला. ‘सर, ती गाडी अलॉट झाली. पुढच्या लॉटमध्ये बघू.’ २ ऑक्टोबरला विजयादशमी. आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला गेलो. परत येताना पाहिले, तर आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या दारात तीच गाडी, त्याच रंगाची, झेंडूच्या माळा घालून उभी! मी अभिनंदन केले आणि नोंदणी कधी केली होती ते विचारले. ‘ऑगस्टच्या शेवटी,’ तो निर्मळपणे म्हणाला. ‘आमच्या मेहुण्याने मालकांना एक फोन टाकला.’

त्या सहकाऱ्यावर माझा राग नाही. पण हाच सहकारी स्टाफरूममध्ये आरक्षणाचा विषय निघाला की ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणत असतो. संविधानाने दिलेले प्रतिनिधित्व याला खुपते आणि मेहुण्याच्या फोनचा कोटा मात्र कोटा वाटत नाही! या देशातले सर्वांत जुने आरक्षण ओळखीचे आहे. त्याला कायदा लागत नाही, जातीचा दाखला लागत नाही आणि पडताळणी समितीही लागत नाही.

संध्याकाळी मी संतापून घरी बोललो. आमच्याकडे चळवळीतले एक कार्यकर्ते बसले होते. ते म्हणाले, ‘सर, तुम्ही आधी सांगायचं ना! आपल्या साहेबांचा एक फोन गेला, की उद्या सकाळी गाडी दारात.’ खरे सांगतो, माझे मन डळमळले. आबांचे गुडघे डोळ्यांसमोर होते, पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली होती. मी आबांकडे पाहिले.

आबा म्हणाले, ‘तुझा नंबर कितवा?’

‘माहीत नाही.’

‘मग आधी तो विचार. तू साहेबांचा फोन लावशील, गाडी येईलही. पण ती कोणाची येईल? तुझ्यापुढं जो उभा असेल, त्याची. त्याच्याकडं पण पावती असंल. मी बत्तीस वर्षं गाडी चालवली. मागच्या दारानं चढणारा कुठल्या जातीचा आहे हे बघून त्याला उतरवत नव्हतो. मागच्या दारानं चढला म्हणून उतरवत होतो.’

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला. भाषा साधी ठेवली. नोंदणीची तारीख, पावती क्रमांक, दिलेला शब्द आणि तीन प्रश्न : माझ्या गाडीच्या प्रकारात व रंगात माझा क्रमांक कितवा आहे? २२ सप्टेंबरनंतर माझ्या नोंदणीनंतरच्या कोणाला गाडी दिली आहे काय? दिली असल्यास कोणत्या कारणाने? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारायला नकार दिला. मी म्हणालो, ‘ठीक आहे, मी बसतो.’ अर्ध्या तासाने व्यवस्थापक आले, आत नेले, चहा मागवला. ‘सर, सिस्टिममध्ये असतं सगळं, यादी दाखवता येत नाही.’ मी म्हणालो, ‘इतरांची नावे झाका. तारखा दाखवा.’

संगणकाचा पडदा माझ्याकडे वळला तेव्हा दिसले ते असे : तारखांच्या रांगेत माझ्यानंतरची चार नोंदणी पुढे गेली होती. शेरा या रकान्यात कोठे ‘एमडी’, कोठे ‘साहेब’ एवढेच लिहिलेले. माझ्या आधी नोंदणी केलेले आणखी दोघे अजून थांबलेले होते. ते दोघे कोण, कोणत्या जातीचे, मला माहीत नाही. मी व्यवस्थापकांना म्हणालो, ‘आधी त्या दोघांना द्या, मग मला.’ ते माझ्याकडे पाहतच राहिले. पोच मिळाली. आठवडा संपायच्या आत फोन आला : ‘सर, त्या दोन्ही गाड्या गेल्या. तुमची आली आहे. पण शनिवार आहे, सोमवारी घेता का?’

शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणतात, त्यामुळे ११ ऑक्टोबरच्या त्या शनिवारी शोरूम ओस पडले होते. आम्ही म्हणालो, आजच घेतो. विक्रेत्या तरुणाला वेळच वेळ होता. त्याने प्रत्येक बटण समजावून सांगितले, प्रत्येक कागद दाखवला. पुढच्या आठवड्यात धनत्रयोदशी आली, तीही १८ ऑक्टोबरला, शनिवारीच! त्या दिवशी मात्र लोखंड कोणालाच बाधले नाही. मुहूर्त कोणासाठी असतो आणि घाई कोणासाठी, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. चाकाखाली ठेवायला लिंबू पुढे आले, तेव्हा आबांनी ते उचलून विक्रेत्याच्या हातात दिले. म्हणाले, ‘सरबत करून पी, पोरा. दिवसभर उभा असतोस.’

वाचकांपैकी अनेकजण आज गाडी नोंदवण्याच्या बेतात असतील. त्यांच्यासाठी अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. नोंदणीच्या कागदावर गाडीचा प्रकार, रंग, अंदाजे तारीख आणि नोंदणी रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे लिहून घ्या. किंमत नोंदणीच्या दिवशीची की ताबा मिळेल त्या दिवशीची, हे वाचल्याशिवाय सही करू नका. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बिलात न समजणारी रक्कम दिसली, तर ती कशाची हे विचारा. विक्री प्रमाणपत्रावर गाडी कोणत्या महिन्यात व वर्षात तयार झाली ते लिहिलेले असते, ते पाहा. नवी गाडी नंबरप्लेट लावल्याशिवाय मालकाच्या ताब्यात देता येत नाही, हा मोटार वाहन कायद्यातला नियम आहे. आणि फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाचे दारही उघडे आहे.

आणखी एक गोष्ट कडवट आहे, तरी सांगतो. गाडी दारात आली म्हणजे समता आली, असे कोणी समजू नये. शेजाऱ्याने घेतली म्हणून कर्ज काढून गाडी घ्यायची आणि मुलांच्या फीला मागे पाहायचे, हा बाबासाहेबांच्या अनुयायाचा हिशेब नव्हे. ज्या वस्तीत आजही पावसाळ्यात बाळंतिणीला रस्त्यापर्यंत खाटेवरून आणावे लागते, त्या वस्तीपुढे आपल्या गाडीचा डौल मिरवण्यात काय पुरुषार्थ? आणि आपल्या नेत्यांनाही विनंती आहे : कार्यकर्त्याची गाडी लवकर मिळवून देण्यासाठी फोन करू नका. प्रत्येक शोरूममध्ये, रेशन दुकानात, घरकुलाच्या आणि शिष्यवृत्तीच्या कार्यालयात यादी भिंतीवर लागावी, यासाठी फोन करा. एका फोनने एकाचे काम होते आणि रांगेतल्या दहाजणांचे मागे पडते. त्या दहांत आपलेच जास्त असतात, कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या मेहुण्याला मालक ओळखत नाही.

रविवारी १२ ऑक्टोबरला आबांना घेऊन आम्ही चाळीसगावला गेलो. आबा पुढे, माझ्या शेजारी बसले होते. वाटेत ‘गियर बदल’, ‘वळणावर हॉर्न दे’ चालूच होते. गावात शिरल्यावर नदीच्या पुलावर त्यांनी गाडी हळू करायला सांगितली. ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताने काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत खाली पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘चल आता. मागं गाड्या थांबल्यात.’

बांधवांनो, वाट पाहायला आपली ना नाही. पण नंबर सांगा, यादी दाखवा आणि ती मोडू नका. आपणही मोडू नये, दुसऱ्यालाही मोडू देऊ नये.

जयभीम!